टावेलाखालचा शब्द

पावणं,

तुम्ही गेलासा आणि लोक माझ्याकडं आले. म्हणाले, "आप्पा, व्याह्यावर चार चांगले शब्द लिहून द्या, फोटोखाली छापतो." मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. सही सोडून जन्मात फार काही लिहिलं नाही. तरी बसलो. चांगले शब्द आठवायला लागलो तर आधी वाईटच आले, आणि ते इतके रांगेनं आले की म्हटलं, हेच लिहावं. तुमच्या तोंडावर बोललो असतो तेच. तुम्ही असतासा तर निम्म्यात खांद्यावरचा टावेल झटकून उठला असतासा, "चला, म्हशी धारंला तटल्यात" म्हणत. आता उठायची सोय नाही. ऐका.

तुमच्या दहाव्याला नदीवर, सगळ्या भावकीत, मी खोटा ठरलो. तुम्ही मला एक शब्द दिला आणि दुसऱ्या कुणाच्या कानावर न घालता निघून गेलासा, म्हणून ठरलो. शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या? तुमच्या पोराला देऊन झाल्या. आता तुमची पाळी.

तुम्ही माझ्या सुमनचे सासरे. पेठ वडगावचे. जनावरांच्या बाजारातले नावाजलेले दलाल. मी कसबा बावड्याचा, साखर कारखान्यात गव्हाणीवर ऊस टाकत म्हातारा झालेला. आपलं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. लग्नानंतरच्या मटणाच्या जेवणाला माझ्या दारात, भरल्या पंगतीत तुम्ही म्हणालासा, "बावड्याच्या पाण्याला चव हाय, रश्श्याला न्हाय." सगळी पंगत हसली. मी पोरीचा बाप, हात जोडून उभा. त्या दिवशी ठरवलं, ह्या माणसाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पोरीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या सासरचं पाणी पिऊ नये, ही आपली रीतच आहे. पण पुढं ऋतुजा झाली, चालायला लागली, कॉलेजात गेली, तरी मी प्यायलो नाही. तुमच्या सोप्यात बसायचो, पिशवीतली माझी बाटली काढायचो आणि तुमच्यादेखत प्यायचो. तुम्ही बघायचासा आणि म्हणायचासा, "गार हाय का?" मी म्हणायचो, "हाय की."

एवढंच बोलणं. बाकी दिवाळीला राम राम.

आता ऋतुजा. तुमची नात, माझीबी नात, पण आडनाव तुमचं, म्हणून निर्णय तुमचा. विलासनं, म्हणजे तुमच्या पोरानं, गॅरेज काढलं आणि ही पोरगी त्या गॅरेजात वाढली. बाहुली मागायच्या वयात पाना मागायची. पुढं इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गेली, तिथल्या पोरांबरोबर एक गाडी तयार केली आणि शर्यतीत चालवायला लागली. विलासनंच शिकवलं तिला, कौतुकानं. आणि वारणेकडनं एक स्थळ आलं तसा तोच विलास म्हणायला लागला, "आबा म्हणतील तसं." तुम्ही म्हणालासा, "चार पोरांत एक पोरगी, रानोमाळ गाड्या उधळती. उद्या पावणं इचारतील, पोरगी काय करती, तर काय सांगू? एकडाव डोळ्यांनी बघतो आन मग बंद करतो."

सुमनचा मला फोन आला. "आप्पा, माळावरच्या ट्रॅकवर ऋतूची दिवसभराची शर्यत हाय. आबा यायला लागल्यात. तुम्ही बी या. त्यांच्या शेजारी बसा."

"बसून काय करू?"

"बोला की त्यांच्याशी. माझं ऐकत न्हाईत, हे तर तोंडच उघडत न्हाईत. म्हातारं म्हाताऱ्याचं ऐकंल."

मी तुमच्याकडं जन्मात काही मागितलं नव्हतं. मागणार नव्हतो. पण पोरीचा आवाज फोनात फाटला होता. गेलो.

तुम्ही आधीच येऊन बसला होतासा, पत्र्याच्या शेडखाली, सगळ्यात वरच्या पायरीवर. पांढरी टोपी, पांढरा सदरा, खांद्यावर टावेल. बाजारात जाताना जसं नटायचासा तसं. मला बघून सरकलासा पण नाही. मी तुमच्या शेजारी पुरुषभर अंतर सोडून बसलो.

शर्यतीतलं मला काही कळत नव्हतं आणि तुम्हालाबी नव्हतं, पण तुम्ही कळतंय असं तोंड केलं होतं. मला वाटलेलं टीव्हीवर असतात तशा लांबोड्या गाड्या असतील. निघाल्या आपल्याच रस्त्यावरच्या, आतनं सोललेल्या. शिटा काढलेल्या, एकच ठेवलेली, आणि भोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा. एका गाडीला चौघं चालवणारे, पाळीपाळीनं. सकाळी सुटायचं ते दिवस कलल्यावर थांबायचं. तेवढ्या वेळात जी गाडी जास्त फेऱ्या मारेल ती जिंकली. हे आपल्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिली फेरी संपली तसे आपण दोघंबी उभं राहून ओरडलो, "आली, आली!" मला वाटलं झालं, आता गुलाल. गाड्या तशाच पुढं निघून गेल्या. आपण दोघं उभं, हात वर. पुढच्या पायरीवरची पोरं मागं वळून बघायला लागली. तुम्ही हात खाली घेता घेता टोपी सारखी केलीसा, जसं काय टोपीसाठीच हात वर नेला होता.

मग तुम्ही गाड्या पारखायला लागलासा. "तांबडी घ्या. मागनं भरलीया. चाल बघा तिची, चाल."

थोड्या वेळानं तांबडीच्या तोंडातनं धूर यायला लागला आणि तिला दोरी लावून ओढत नेली.

मी म्हटलं, "पावणं, बाजारात बी अशीच इकत होतासा व्हय?"

"अवो, दात बघाय मिळालं न्हाईत तिचं."

मी हसायचं नाही म्हणून मान वळवली. खरं सांगतो, हसलो.

ऋतूची गाडी निळी. ती एका पांढऱ्या गाडीच्या मागं लागलेली दिसली तसं मी म्हटलं, "दुसरी हाय आपली पोरगी." तुम्ही म्हणालासा, "कुठली दुसरी? मोजताय का झोपताय? नववी हाय." आपलं जुंपलं. शेवटी पुढच्या पायरीवरच्या एका पोरानं कानातली बोंडं काढली आणि म्हणाला, "काका, ती पांढरी पुढं दिसते, पण ती निळीच्या एक फेरी मागं आहे."

"पुढं हाय ती मागं कशी?" मी.

"निळी तिला गाठायला आलीय. परत मागं टाकणार."

तुम्ही मांडीवर थाप मारलीसा. "म्हंजे पुढं दिसतंय ते मागं आन मागं दिसतंय ते पुढं. आमच्या ग्रामपंचायतीवानी."

ते पोरगंबी हसलं आणि मीबी. लग्नाच्या पंगतीपासून आपण एका गोष्टीवर एकदम हसलो ते तेव्हाच. माझा राग त्यानं गेला असं समजू नका. पण बसायचं अंतर कमी झालं, हे खरं.

दुपारी पत्रा तापला. माझी बाटली संपली. सुमननं दोघांत एकच डबा दिला होता, मुद्दाम दिला असणार. भाकरी, झुणका, खर्डा. पाणी मात्र तुमच्या तांब्यातच होतं. खर्ड्यानं माझा घसा पेटला आणि मी थुंकी गिळत बसलो. तुम्ही तांब्या पुढं केलासा. मी बघितलं पण नाही.

"ह्यो माळ हाय पावणं," तुम्ही म्हणालासा. "लेकीचं घर न्हाय. प्या. मरशीला."

प्यायलो. दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला तर तुम्ही म्हणालासा, "रश्श्याचं त्या वेळी मी बोलायला नको होतं." इतकंच. परत गाड्या बघायला लागलासा. इतकी वर्षं मी तो राग जपला, आणि तुम्ही तो असा भाकरीच्या तुकड्याबरोबर मोडून टाकलासा. त्याचाच मला जास्त राग आला.

मग मी मागितलं. "पावणं, एक मागायचं हाय."

"मागा."

"पोरीची गाडी बंद करू नका."

गाड्यांचा कळप समोरनं गेला. तो जाईस्तोवर तुम्हाला बोलायची गरज नव्हती, आणि गेल्यावरबी तुम्ही बोलला नाहीसा. मला वाटलं, संपलं. मागितलं आणि मिळालं नाही. पोरीच्या बापाचं तोंड पडलं.

तेवढ्यात तुम्हाला घेऊन आलेल्या विलासनं खालनं हाक मारली की ऋतूची पाळी संपत आली, गाडी थांबायला येतेय. त्या जागेला पिट म्हणतात. गाडी येते, पेट्रोल भरतात, आतला माणूस उतरतो, दुसरा बसतो, लगेच निघते. आपण उतरून मागच्या जाळीपाशी गेलो. मी बघत होतो तुमच्याकडं. तुम्ही बघत होतासा त्या पोरांकडं. तुमच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं, की आता ही पोरगी उतरून त्या पोरांत खिदळताना दिसली की तुमचं काम सोपं होणार.

निळी आली. दार उघडलं. पोरगी बाहेर पडली, ती पडलीच म्हणायची. डोक्यावर हेल्मेट तसंच. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली, तिनं कोपरानं बाजूला सारली. दुसरा पोरगा आत शिरला तशी ही अर्धी आत वाकली आणि त्याचे पट्टे ओढायला लागली. खांद्यावरचा, कमरेचा, परत खांद्यावरचा. गुडघा दाराला लावून जोर काढला. दोनदा त्याच्या छातीवर थापटलं, दार आपटलं, बाजूला झाली. गाडी सुटली. तेव्हा कुठं पोरीनं हेल्मेट काढलं. तोंड तापलेल्या तव्यासारखं. केस चिकटलेले. तशीच जमिनीवर पाय पसरून बसली आणि मग बाटली डोक्यावर उपडी केली.

तुम्ही जाळीत बोटं अडकवून उभं होतासा. तिनं आपल्याला बघितलं नाही. तुम्ही हाकबी मारली नाहीसा.

वर येऊन बसल्यावर म्हणालासा, "बैल गाडीचा सुटला की आधी पाण्याकडं धावतो. ही पोरगी आधी त्याला बांधत बसली."

मी गाड्यांकडंच बघत राहिलो. बाजारात गिऱ्हाईक जनावराकडं टक लावून बघायला लागलं की दलाल गप बसतो, हे मी तुमच्याच सोप्यात बसून ऐकलेलं.

तेव्हा तुम्ही खांद्यावरचा टावेल काढलासा. माझा उजवा हात धरलासा आणि दोघांच्या हातांवर टावेल टाकलासा. वाचणाऱ्यांना माहीत नसेल तर सांगतो, वडगावच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. टावेलाखाली हात घालून बोटं धरून ठरवतात. दोघांतलं दोघांत राहतं. आणि सौदा पटला की समोरच्याची अख्खी मूठ आवळायची. मूठ आवळली की झालं. मग जनावर दाव्याला मेलं तरी कुणी मागं सरत नाही. तुमच्या हयातीत टावेलाखालचा सौदा मोडलेला माणूस परत त्या बाजारात उभा राहिलेला नाही, हे तुम्हीच छाती ठोकून सांगायचासा.

तुम्ही माझी मूठ आवळलीसा. हाड वाजलं माझं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. पोरगी चालवंल. वारणेच्या पावण्यांचं मी बघतो. पटलं तर पटलं, न्हाय तर दुसरं." मग टावेल परत खांद्यावर घेतलासा आणि बोट दाखवून म्हणालासा, "पर घरात मी सांगणार. सवडीनं. तुम्ही तोंड उघडायचं न्हाय. माझ्या घरातला निर्णय माझ्या तोंडातनं भाईर पडाय पायजे, सुनंच्या बापाच्या न्हाय."

मी म्हटलं, "आता बी ऐटच का?"

"ऐट न्हाय तर काय ऱ्हायलंय म्हाताऱ्याकडं?"

निळी गाडी फार मागं आली. पण आली. निम्म्या गाड्या वाटेत बसल्या होत्या, ही दिवसभर फिरत राहिली आणि शेवटी झेंडा पडला तेव्हा चालूच होती. मागं आलेल्यांनाबी लोक टाळ्या वाजवत होते. हे मला पटलं नाही आणि तुम्हालाबी नाही. येताना विलासच्या गाडीत आपलं त्यावरनंच लागलं. तुम्ही म्हणत होतासा, "निघाला तिथंच परत आला, तर शर्यत कसली? कुठंतरी पोचाय पायजे की." मी म्हणत होतो, घाण्याचा बैल तरी कुठं पोचतो, पण तेल निघतंच की. तुम्ही म्हणालासा, "हितं तेल निघालं कुठं? उलट वतलं." वडगाव आलं. उतरताना दार धरून म्हणालासा, "थांबा, पुढच्या खेपेला सांगतो ह्याचं उत्तर तुम्हास्नी."

पुढची खेप झालीच नाही.

मधल्या दिवसांत सुमन सारखी फोन करायची. "आप्पा, आबा काय म्हणाले?" मी म्हणायचो, "त्यांचं ते सांगतील. तू गप." मला तोंड उघडू नका म्हणाला होतासा ना? नाही उघडलं. व्याह्याचा मान राखला. तुम्ही सवडीनं सांगणार होतासा. सवड! दुसऱ्याच्या म्हशीचा सौदा करायला मध्यरात्री बी उठून जाणारा माणूस, घरच्या पोरीला एक वाक्य सांगायला सवड बघत बसला. आणि एका सकाळी सुमनचा फोन आला, तो तुम्ही गेल्याचा.

तुमच्यासाठी रडलो. ते लिहायला लाज नाही. तांब्यातलं ते पाणी आठवलं आणि रडलो. दहाव्यापर्यंतच.

दहाव्याला नदीवर भाताचा पिंड ठेवला. समोर लिंबावर दोन कावळे बसलेले. शिवेनात. ऊन चढलं. एकेक जण पुढं होऊन हात जोडायला लागला. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून वचन द्यायचं, मग कावळा शिवतो. तुमचा भाऊ म्हणाला, "आपल्या आईला संभाळतो." कावळा नाही. कोण म्हणालं, "बाजारातली जागा सोडत न्हाय." नाही. मी मागं उभा होतो. मनात म्हणत होतो, पावणं, मला माहीत हाय कशात अडकलाय. पुढं व्हावं का? पण पोरीच्या बापानं पिंडापुढं बोलावं का? मान आडवा आला. तुमच्याच घराचा मान, माझा नव्हे.

आणि विलास पुढं झाला. डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाला, "आबा, ऋतूची गाडी बंद करतो. तुमच्या मनासारखं लग्न करून देतो तिचं, वर्षाच्या आत."

कावळा आला.

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. कुणीतरी म्हणालं, "बघा, पोरीतच जीव अडकला होता." मी सांगतो काय झालं. इतका वेळ एकामागं एक माणूस पिंडाला खेटून उभा होता. विलास बोलला आणि मागं सरला, उन्हानं वैतागलेली बाकीची माणसंबी सावलीला सरली. पिंड मोकळा पडला. कावळ्याला भात दिसला. त्याला शर्यतीतलं काय कळतंय? पण हे मी कुणाला सांगायचं?

तरी सांगितलं. सगळ्यांत पुढं झालो आणि म्हटलं, "हे खोटं हाय. पोरगी गाडी चालवंल असा शब्द दिलाय मला त्यांनी."

विलास बघतच राहिला. "कधी, मामा?"

"शर्यतीच्या दिवशी."

"कुणासमोर?"

"टावेलाखाली."

हसू आलं. दहाव्याला, नदीवर, माणसं तोंडावर हात धरून हसली. विलास हसला नाही, तेवढा शहाणा आहे तो. पण म्हणाला, "मामा, तुम्ही लेकीकडचं. तुम्ही असं म्हणणारच." तिथंच तुमचे बाजारातले दोन दलाल उभे होते. मी त्यांच्याकडं वळलो. "तुम्ही सांगा. टावेलाखालचा सौदा कोण मोडतंय का?"

ते खाली बघायला लागले. एक जण म्हणाला, "मोडत न्हाईत आप्पा. पर दोघं जित्ते पायजेत."

तुमच्या बाजाराचा हा कायदा तुम्ही मला सांगितला नव्हता. हात आवळताना सांगितला असतासा तर मी म्हटलं असतं, टावेल काढा आणि सगळ्यांसमोर बोला.

म्हणजे बघा. माझा शब्द कावळ्यापुढं पडला. वर तुमच्या मरणानं पोरीला घाई लागली. घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, ही दुसरी रीत. तुम्ही असतासा तर पोरीला वेळ होता. तुम्ही गेलासा आणि तोबी घेऊन गेलासा. हेल्मेट विलासनं कपाटात कोंडलंय.

परवा ऋतुजा बावड्याला आली. मला वाटलं, रडेल. नाही रडली. बसली आणि म्हणाली, "आजोबा, बाबांना पटवायला जाऊ नका. मला एकच सांगा. मी उतरले तेव्हा आबांनी बघितलं होतं का मला?"

मी म्हटलं, "जाळीला धरून उभं होते. तू त्या पोराला बांधत होतीस तेव्हा."

"काय म्हणाले?"

सांगितलं. बैलाचं सांगितलं. मुठीचं सांगितलं. तेव्हा रडली. म्हणाली, "मग मला का नाही म्हणाले? मी घरातच होते की. रोज चहा मीच द्यायचे त्यांना."

ह्याचं उत्तर तुम्ही द्यायचं. तुमच्याकडं असेल तर माझ्या स्वप्नात या, नाहीतर सरळ तिच्या स्वप्नात जा. मला सांगितलंसा, मी कोण? माझ्या मुठीत हाड वाजवून काय फायदा? त्या पोरीच्या हातनं कप घेताना एकडाव म्हणायचं होतं, "बघितलं मी तुला." कप गार झाला नसता तेवढ्यात. बाजारात आख्खा जन्म बोटांनी बोललासा, आणि घरातबी तोंड म्हणून वापरलंच नाही. माझं काय वेगळं आहे म्हणा. पण मी अजून आहे.

येत्या ऐतवारी वारणेची माणसं ऋतुजाला बघायला येणार आहेत. मला बोलावणं नाही. सुमनचा फोन आला, हळू आवाजात बोलत होती. "आप्पा, येऊ नका. तुम्ही काय तरी बोलशीला आणि मला ह्या घरात नांदायचंय." माझीच पोरगी, आणि खरं बोलत होती. मी आलो आणि बोललो, तर तिच्या दाराची कडी मला लागणार. ती कडी मरेपर्यंत निघायची नाही. तुमच्या घरातली माणसं मला माहीत आहेत, तुमच्यावरच गेल्यात.

तिला म्हटलं, "बरं."

पण मी येणार आहे. पांढरा सदरा धुऊन ठेवलाय. तुमच्या सोप्यात, तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली बसणार. वारणेची माणसं विचारतील, पोरगी काय करती. विलास काही बोलायच्या आत मी सांगणार, "पोरगी शर्यतीची गाडी चालवती. दिवसभर चालवती. तिच्या आबांचा तसा शब्द हाय. पटलं तर बसा, न्हाय तर चहा घेऊन उठा." कोण हसू दे, कोण कडी लावू दे. सुमन मला माफ करेल का, ते तिचं ती बघेल.

घरात मी सांगणार, तुम्ही तोंड उघडायचं न्हाय, असं बजावलं होतंसा ना? सांगितलं नाहीसा. ऐतवारी मी तोंड उघडणार आहे, तुमच्या घरात, तुमच्या माणसांत. तुम्ही वरनं नुसतं बघायचं. आणि माझं एक अक्षर जरी खोटं असेल, तर पावणं, तिथल्या तिथं फोटो भिंतीवरनं पाडा.